भाऊजींना बाहेर कोण बसवणार?

माझं औषधांचं दुकान आहे आणि ते नेमकं फुटबॉलच्या ग्राउंडसमोर आहे. म्हणजे लोक आधी मॅच बघतात, हरतात, आणि मग रस्ता ओलांडून माझ्याकडे डोकेदुखीची गोळी मागायला येतात. गोळी मागता मागता मॅनेजरला शिव्या घालतात. मॅनेजर माझा सख्खा धाकटा भाऊ. मॅनेजरला घालून झाल्या की गोलकीपरला घालतात. गोलकीपर माझा नवरा. आता सांगा, मी गोळी द्यायची की एक ठेवून द्यायची?

आमच्या भागात माझ्या नवऱ्याला कुणी नावाने ओळखत नाही. सगळे भाऊजी म्हणतात. कारण माझा भाऊ त्यांच्यापुढे बॅक म्हणून खेळायचा आणि भर मॅचमध्ये ओरडायचा, "भाऊजी, तुमचा!" नाहीतर "भाऊजी, राहू द्या, माझा!" स्टँडमधले लोक हसून हसून बेजार व्हायचे. हळूहळू टीमनं उचललं, मग स्टँडनं, मग भाजीवाल्यानं. एवढा मोठा मेहुण्यांचा गोतावळा कुणाला मिळाला नसेल. आणि मी त्या सगळ्यांची ताई. चार पोरं एकदम दुकानात शिरतात आणि "ताई, खोकल्याचं द्या" म्हणतात, तेव्हा आपलं माहेर किती पसरलंय ते कळतं.

भावाचं नाव डिंक्या. समोरच्या फॉरवर्डला एकदा चिकटला की सुटायचा नाही, म्हणून डिंक्या. दिसायला काडी, उंची बेताची, वेग यथातथा. पण चिकटायचा मात्र असा, की एकदा समोरच्या टीमचा एक धिप्पाड गडी रेफरीकडे जाऊन कळवळून म्हणाला होता, "ह्याला सांगा हो, मला जरा श्वास घेऊ दे." नाक दोनदा मोडलं, एक दात गेला, गुडघ्याचं ऑपरेशन झालं. सगळं एकाच क्लबसाठी. गोल म्हणाल तर उभ्या आयुष्यात दोन, त्यातला एक स्वतःच्याच जाळ्यात. त्या दिवशी ह्यांनी त्याला मैदानातच जवळ घेतलं आणि कानात काहीतरी सांगितलं. काय सांगितलं ते दोघांनी मला अजून सांगितलेलं नाही. विचारलं की हसतात मेले.

गुडघा अगदीच जायबंदी झाल्यावर तो क्लबच्या लहान टीमला शिकवायला लागला. मग गेल्या वर्षी भर हंगामात मोठ्या टीमचा मॅनेजर भांडून निघून गेला. क्लबचे अध्यक्ष फरशीचे व्यापारी. माणूस वाईट नाही, पण मॅनेजर निवडतानासुद्धा दुकानात कुठला माल शिल्लक आहे ते आधी बघणारा. डिंक्या समोरच होता, शिवाय स्वस्त होता. त्याला सांगितलं, "हंगाम संपेपर्यंत सांभाळ. टीम वरच्या गटात राहिली तर तू राहिलास. खाली घसरली तर दुसरा बघू." हा आनंदाने धावत माझ्या दुकानात आला. मी त्याला आधी पाणी दिलं आणि मग विचारलं, "अरे, पण कालपर्यंत ज्यांच्याबरोबर आंघोळ केलीस, त्यांना उद्यापासून हुकूम सोडणार का तू?"

"जमेल गं ताई," तो म्हणाला.

जमेल! तोंडाने सगळंच जमतं.

आमच्या क्लबात एक जुनी रीत आहे. जुन्या साहेबांनी, म्हणजे डिंक्या खेळायचा तेव्हाच्या मॅनेजरांनी, पाडलेली. पुढच्या मॅचला ज्याला बाहेर बसवायचं, त्याला ते कागद लावून सांगत नसत, फोन करत नसत. आदल्या संध्याकाळी चालत त्याच्या घरी जायचे. दारातच उभे राहायचे, आत यायचे नाहीत, पाणीसुद्धा घ्यायचे नाहीत. "उद्या तू बाहेर बसशील. कारण असं असं आहे." एवढं बोलायचे आणि परत फिरायचे. शुक्रवारी संध्याकाळी दाराची बेल वाजली की खेळाडूंच्या बायका आधी खिडकीतून डोकावून बघायच्या. पण राग कुणी धरत नसे. साहेबांना तोंडावर सांगायची हिंमत होती, हे सगळ्यांना मान्य होतं.

डिंक्याच्याही दारात ते एकदा उभे राहिले होते. दुसऱ्या दिवशी मॅच चालू असताना हा माझ्या काउंटरमागे सलाइनच्या खोक्यावर बसून रडला. मी आत जाऊन बघते तर बाहेर टाळ्या वाजतायत आणि आत हा नाक पुसतोय. "ताई," म्हणाला, "बरोबर बोलले ते. मी खरंच बरा खेळत नव्हतो. पण असं कुणाच्या दारात जायची वेळ माझ्यावर न येवो."

आली ना वेळ. मॅनेजर झाला म्हणजे येणारच.

तशी त्याने रीत सोडली नाही. दोघातिघांच्या दारात गेला. जाताना म्हणे रस्ताभर ओठातल्या ओठात घोकत जायचा. एकदा तर चुकून वरच्या मजल्यावरच्या भलत्याच माणसाला सांगून आला की उद्या तू बाहेर. तो बिचारा बँकेत कारकून. त्याला वाटलं नोकरी गेली! पण ते असो. हळूहळू त्याला इतरांना सांगता यायला लागलं. घोडं अडलं ते आमच्या दारात.

आता ह्यांच्या खांद्याचं सांगते. डावा खांदा. कीपरचा जन्म जमिनीवर आपटण्यात जातो, आणि हे बरीच वर्षं त्याच बाजूला आपटत आलेले. त्या हंगामात हात खांद्याच्या वर जाईना. लोकांना काय कळणार, घरात मला कळत होतं. वरच्या फळीवरचा डबा उजव्या हाताने काढायचे. शर्ट घालताना आधी डावा हात आत सारायचे, तोही दुसऱ्या हाताने धरून. मलमाच्या ट्यूब मीच दुकानातून आणत होते आणि जेवढ्या संपत होत्या, तेवढ्यात अख्ख्या टीमची मालिश झाली असती.

आणि समोरच्या टीम काही आंधळ्या नसतात. एकाने डावीकडे वर मारला, गोल झाला. मग दुसऱ्याने मारला. मग सगळेच तिकडे मारायला लागले. आम्ही हरत गेलो, खाली खाली सरकत गेलो. बाहेर बाकावर दुसरा कीपर बसलेला. चांगला ताडमाड उंच, सगळे त्याला खांब म्हणतात. तीन हंगाम तो बाकावर बसून होता, हातमोजे घालून. न खेळता त्याचे मोजे विरले असतील.

एक दिवस दुकानात उजव्या बाजूला खेळणाऱ्या पोराची आई आली. तिच्या पोराला डिंक्याने नुकतंच बाहेर बसवलं होतं. तिने रक्तदाबाच्या गोळ्या घेतल्या, पिशवीत टाकल्या आणि गोड आवाजात म्हणाली, "ताई, मॅनेजर आमच्या दारात आले होते हो परवा. तुमच्या घराला दार नाही का?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तोंडाळ म्हणून प्रसिद्ध आहे, पण त्या दिवशी मी नुसते सुटे पैसे मोजून तिच्या हातावर ठेवले. कारण बाई खरं बोलत होती. तिच्या पोराला जे कळत होतं, ते सगळ्या टीमला कळत होतं. सगळ्यांना नियम एक आणि भाऊजींना वेगळा.

आता खरी गंमत, किंवा खरा घोळ म्हणा. डिंक्या दर शुक्रवारी आमच्याकडे जेवायला येतो. आई गेल्यापासून येतो. लग्न केलेलं नाही, स्वयंपाक येत नाही, अंडं उकडायला ठेवतो आणि मॅच बघत बसतो, मग भांडं जळतं. तर शुक्रवार माझा. खेळाडू होता तेव्हाही यायचा, मॅनेजर झाल्यावरही येत राहिला. आणि मॅच असते शनिवारी. म्हणजे ज्या संध्याकाळी त्याने ह्यांच्या दारात उभं राहून दोन वाक्यं बोलायची, त्याच संध्याकाळी तो बूट काढून, हात धुऊन, माझ्या टेबलाशी ताट घेऊन बसलेला! आता बहिणीच्या घरी, बहिणीच्या हातचे तळलेले मासे खाता खाता कोण कसं म्हणणार, की भाऊजी, उद्या तुम्ही बाहेर?

तो प्रयत्न करायचा. मला दिसायचं. चमचा खाली ठेवायचा, घसा खाकरायचा.

"भाऊजी, तुमच्याशी एक बोलायचं होतं."

हे ताठ व्हायचे. "बोल."

"ते… न्हाणीघरातला नळ गळतोय वाटतं."

"हो, गळतो."

"वायसर बदलायला हवा."

"हो. बदलतो."

मग दोघेही खाली मान घालून बटाटे खायचे. पुढच्या शुक्रवारी गॅलरीच्या दरवाजाची बिजागरी. त्याच्या पुढच्या शुक्रवारी आमच्या टीव्हीचा आवाज. एका महिन्यात माझ्या घरातल्या सगळ्या नादुरुस्त वस्तूंची त्याने नोंद घेतली, खांदा सोडून.

टीव्हीच्या आवाजाच्या त्या शुक्रवारी तो गेल्यावर मी ताटं उचलत होते. हे टेबलाशीच बसून होते. एकदम म्हणाले, "आजही नाही बोलला."

"काय नाही बोलला?"

"मला बसवायचं. मला वाटलं, आज तरी सांगेल."

माझ्या हातातलं ताट तसंच राहिलं. मी म्हटलं, "अहो, तुम्हाला माहीत आहे?"

"खांदा माझा आहे, मला माहीत नसणार तर कुणाला? कॉर्नर आला की मला घाम फुटतो. बॉल वर चढला की मी मनात म्हणतो, उजवीकडे ये बाबा, उजवीकडे. मी थकलोय गं. दर शुक्रवारी तयारी करून बसतो. आज सांगेल, मी हो म्हणेन, सुटेन. आणि तो नळाबद्दल बोलतो."

मला एकाच वेळी रडू आलं आणि राग आला, आणि माझ्या बाबतीत अशा वेळी रागच जिंकतो. "मग तुम्ही सांगा ना त्याला! तोंड आहे ना? म्हणावं, मी थांबतो. त्याचाही जीव सुटेल."

"नाही सांगणार."

"का? मान कमी होईल?"

"माझा मान गेला खड्ड्यात," ते म्हणाले. एरवी ते असं बोलत नाहीत. "टीम घसरणीला लागलेली असताना मीच मोजे उतरवले तर पोरं म्हणतील, म्हातारा पळाला. ते मी सोसेन. पण डिंक्याचं काय? मी आपणहून बाजूला झालो तर सगळ्यांना हेच दिसेल की त्याला सांगता आलं नाही. आणि त्यालाही आयुष्यभर हेच दिसेल. जो मला सांगू शकत नाही, तो कुणालाच नीट सांगू शकणार नाही. मग तो मॅनेजर कसला? त्यानेच सांगायला हवं. आणि तू मध्ये पडायचं नाहीस. शब्द दे."

"नाही देत."

"अगं, शब्द दे."

दिला. चरफडत दिला. पण मला सांगा, हे कसलं आयुष्य? एकाच टेबलाशी दोन शहाणे. एक सांगायला येतो आणि सांगत नाही, दुसरा ऐकायला बसतो आणि विचारत नाही. आणि दोघांचं जेवण कोण करतंय, तर मी.

मला भीती वेगळीच होती. टीम घसरली असती तर डिंक्याची नोकरी गेली असती, ते तर होतंच. पण त्याहून वाईट म्हणजे हे दोघे एकमेकांना कधी माफ करू शकले नसते. हा म्हणाला असता, भाऊजींपायी गेलो. ते म्हणाले असते, माझ्यापायी गेला. तोंडाने कुणीच काही बोललं नसतं, तेच तर दुखणं. एकेक शुक्रवार चुकला असता, आणि माझं उरलंसुरलं माहेर संपलं असतं. दुकानात औषधं देताना माझे हात चुकायला लागले होते. एका म्हाताऱ्या आजोबांना मी पोटाच्या गोळ्यांऐवजी केस वाढवायचं तेल काढून दिलं. ते म्हणाले, "आता काय उपयोग, बाई?"

आणखी एक मॅच गेली. डावीकडे, वर. आता शेवटची उरली. निदान बरोबरी झाली तर टीम वरच्या गटात राहणार, हरली तर खाली. अध्यक्ष माझ्या दुकानात आम्लपित्ताचं औषध घ्यायला आले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "बघू या शनिवारी." त्या बोलण्यावरून मला कळलं की त्यांनी बघून ठेवलेलं आहे.

शुक्रवारी मी दुकान लवकर बंद केलं. घरी आले आणि स्वयंपाक केला नाही.

एवढंच केलं मी. गॅस पेटवला नाही, ताटं मांडली नाहीत. ह्यांना शब्द दिला होता, डिंक्याला काही न सांगण्याचा, तो मी पाळला. स्वयंपाक करीन असा शब्द मी कुणालाच दिलेला नव्हता.

हे दोनदा स्वयंपाकघरात डोकावून गेले. "आज काय आहे?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे काही नाही."

लग्नाला इतकी वर्षं झाली की कुठल्या उत्तरानंतर पुढचं विचारायचं नाही ते त्यांना कळतं. जाऊन खोलीत बसले.

बेल वाजली. मी दार उघडलं आणि दारातच उभी राहिले, चौकटीला दोन्ही हात लावून. बाहेर डिंक्या. हातात नेहमीप्रमाणे संत्र्यांची पिशवी. चेहरा असा, की आठवडाभर झोपला नसावा. तो सवयीने वाकून बूट काढायला लागला.

"बूट राहू दे," मी म्हटलं. "काय काम आहे?"

तो वाकलेलाच राहिला. "ताई, शुक्रवार आहे."

"मला वार कळतो."

"जेवायला आलोय."

"आज जेवण नाही. आत यायचं नाही. काही बोलायचं असेल तर इथे बोल, नसेल तर कोपऱ्यावर हॉटेल उघडं आहे."

"ताई, काय झालं? माझं काही चुकलं का?"

माझ्या घशाशी आलं होतं. सगळं एका दमात ओकावं वाटत होतं. पण मी वळून आत आवाज दिला, "अहो! बाहेर या. मॅनेजर आलेत."

आजवर मी त्याला मॅनेजर म्हटलं नव्हतं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे, मग स्वतःच्या पायाखालच्या पायपुसण्याकडे. आपण दाराबाहेर उभे आहोत हे त्याला तेव्हा कळलं. रंगच उडाला त्याचा. हे शर्टाची बटणं लावत बाहेर आले, आणि मला तसं उभं बघून त्यांनाही कळलं. मी बाजूला झाले. चौकटीच्या आत हे, बाहेर तो.

आणि नेमका त्याच वेळी वरच्या मजल्यावरचा शेजारी कचऱ्याची पिशवी घेऊन जिना उतरला. "काय भाऊजी! उद्या काय ते करून दाखवा हं! सगळं तुमच्यावर आहे!" तो खाली गेला. डबा उघडल्याचा आवाज आला, झाकण पडल्याचा आवाज आला. तो परत वर आला. "अरे, आत तरी बसा," म्हणाला आणि गेला एकदाचा.

डिंक्याने संत्री खाली ठेवली. ताठ उभा राहिला.

"भाऊजी," तो म्हणाला, "उद्या तुम्ही खेळणार नाही."

हे शर्टाचं शेवटचं बटण लावत राहिले.

"तुमचा डावा हात वर जात नाही. मला महिनाभर दिसतंय. आणखी आधीपासून दिसतंय. समोरचे मुद्दाम तिकडे मारतात. मी आधीच सांगायला हवं होतं, नाही सांगितलं. तुम्हाला दुखेल म्हणून नाही. मला जमत नव्हतं म्हणून. माझ्या न बोलण्यापायी तुम्ही लोकांच्या शिव्या खाल्ल्यात. उद्या खांब खेळेल."

ह्यांचा हात चौकटीवर गेला. मी म्हटलं ना, ते वाट बघत होते. तरी ऐकल्यावर त्यांचा चेहरा असा झाला, की मला क्षणभर वाटलं, मी हे काय करून बसले. वाट बघणं वेगळं आणि कानांनी ऐकणं वेगळं. सतरा-अठरा वर्षांचे होते तेव्हापासून त्या जाळ्यापुढे उभे होते हो.

"ठीक," ते म्हणाले. "बाकावर असेन मी. खांबाला धीर द्यायला."

डिंक्याने मान हलवली. "नाही. बाकावरही नाही."

हे मात्र आम्हा दोघांनाही अपेक्षित नव्हतं.

"तुम्ही बाकावर असलात की काही झालं तरी पोरं तुमच्याकडे बघतील. खांबही तुमच्याकडेच बघेल. उद्या त्यांनी माझ्याकडे बघायला हवं. तुम्ही वर स्टँडमध्ये बसा. ताईजवळ."

असं म्हणाला, आणि अगदी जुन्या साहेबांसारखा वळून जिन्याकडे निघाला. संत्री तिथेच. कठडा धरून तो पहिली पायरी उतरला.

"डिंक्या!" हे ओरडले. मैदानात ओरडायचे त्याच आवाजात. तो जागच्या जागी थांबला. "साहेब आत येत नसत, कारण साहेब कुणाचे मेहुणे नव्हते. ये आत. शाब्बास. ये."

तो आला नाही, तर ह्यांनीच बाहेर जाऊन त्याला उजव्या हाताने ओढत आणला. दोघेही रडत होते आणि दोघेही दुसरा रडत नाही असं दाखवत होते. मला मात्र आता गप्प राहणं शक्य नव्हतं. "अरे, महिनाभर वाट बघतोय हा माणूस!" मी म्हटलं. "दर शुक्रवारी तयार होऊन बसतो, की आज तू सांगशील! आणि तू नळ दुरुस्त करत बसलास!"

डिंक्याने ह्यांच्याकडे पाहिलं. "तुम्हाला चालणार होतं?"

"चालणार होतं? मी देवाला विनवत होतो."

"मग सांगायचं ना मला!"

"मॅनेजर कोण, तू का मी?"

मग हसू फुटलं. आधी ह्यांना, मग त्याला, मग मला. हसता हसता डिंक्या खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "ताई, खरंच काही केलं नाहीस का गं जेवायला?" मी पाव आणि अंडी काढली, त्याने संत्री सोलली. इतक्या शुक्रवारांनंतर पहिल्यांदा दोघेही भूक लागल्यासारखे जेवले. मी पण. माझ्या छातीवरचं ओझं असं उतरलं होतं, की उद्या जे व्हायचं ते होवो, असं मला खरोखर वाटलं.

अर्थात दुसऱ्या दिवशी दुपारी तसं मुळीच वाटत नव्हतं. दुकानाला कुलूप लावलं आणि आम्ही दोघे स्टँडमध्ये जाऊन बसलो. ह्यांना आपले हात कुठे ठेवावेत तेच कळेना. मांडीवर ठेवले, काखेत घातले, शेवटी माझी पर्स धरून बसले. लोक वळून वळून बघत होते. "भाऊजी इथे? मग तिथे कोण?" खांब उभा होता तिथे. पहिला कॉर्नर आला तेव्हा ह्यांचे दोन्ही हात आपोआप वर गेले. उजवा पूर्ण, डावा अर्ध्यावर. माझी पर्स पुढच्या माणसाच्या डोक्यावर पडली. खांबाने बॉल धरला. ह्यांनी आपल्या अर्ध्या हाताकडे पाहिलं आणि मनापासून हसले.

दोघांचा एकेक गोल झाला. नंतर घड्याळ पुढे सरकेना. बरोबरी होती, बरोबरी पुरेशी होती, आणि समोरचे आमच्या गोलपुढे ठाण मांडून बसलेले. आता डिंक्या काय करणार, ते सगळ्या स्टँडला माहीत होतं. डिंक्या जन्माचा बॅक. सगळ्यांना मागे बोलावणार, भिंत उभी करणार आणि शिट्टीची वाट बघणार. त्याऐवजी त्याने एक बॅक बाहेर काढला आणि एक फॉरवर्ड आत पाठवला.

स्टँड खवळलं. "अरे, वेड लागलं का?" "मॅनेजर आहे की कोण आहे?" आणि ह्या गदारोळात माझ्या शेजारचा माणूस उठून उभा राहिला.

"डिंक्या! मागे घे! सगळ्यांना मागे घे!"

तो आवाज म्हणजे गोलपोस्टमधला आवाज. त्या आवाजावर डिंक्या दहा वर्षं धावला होता, मागे न बघता. मी स्वतः पाहिलं, खाली रेषेजवळ उभ्या असलेल्या त्याचा एक पाय सवयीने मागे गेला. तोंड उघडलं. आता हा पोरांना मागे बोलावणार, असं मला वाटलं.

पण पाय परत पुढे आला. तो वळला. सगळ्या स्टँडकडे तोंड करून, हात खाली दाबल्यासारखा करून ओरडला,

"भाऊजी, खाली बसा!"

अख्खं ग्राउंड आमच्याकडे वळलं. एवढ्या लोकांसमोर, सगळ्या गावाच्या भाऊजींना! मी ह्यांचा शर्ट धरला.

हे बसले. एखादं शहाणं मूल बसतं तसे, झटकन.

समोरच्यांचे दोन बॅक नव्या फॉरवर्डच्या धास्तीने मागे थांबले आणि आमच्या गोलपुढची गर्दी जरा पांगली. तरी शेवटी एक बॉल आलाच. डावीकडे, वर. खांब उडाला, डावा हात सरळ वर गेला, बोटांनी बॉल बारवरून पलीकडे ढकलला.

"हा मला नसता अडवता आला," हे म्हणाले. साध्या आवाजात.

आणि शिट्टी वाजली. राहिलो आम्ही. राहिला डिंक्या. लोक एकमेकांच्या गळ्यात पडत होते, आणि मी तिथे बसल्या बसल्या भोकाड पसरलं, कुणाची पर्वा न करता. किती महिन्यांचं होतं ते कुणास ठाऊक. ज्याच्या डोक्यात माझी पर्स पडली होती, तोच माणूस मागे वळला आणि ह्यांना डिवचत म्हणाला, "काय भाऊजी, सगळ्यांसमोर मेहुण्याने बसवलं की तुम्हाला!"

"बसवलंच," हे म्हणाले. त्यांचे डोळे खाली मैदानात डिंक्याला शोधत होते, आणि चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. "काल एकदा बसवलं, आज परत बसवलं. मॅनेजर आहे तो आमचा."